‘हरित’ आणि ‘विषारी’ : दोन साकांक्ष पदांची चिकित्सा

१

रसायनशास्त्रातील संज्ञांची चिकित्सा भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने करावी, यात काहींना अधिकारातिक्रम वाटण्याचा संभव आहे. तथापि संज्ञा प्रयोगशाळेत जन्मास आली तरी ती प्रयोगशाळेत राहत नाही. ती पाठ्यपुस्तकात येते, प्रबंधाच्या सारांशात येते, वृत्तपत्रात येते, आणि शेवटी ज्याचा प्रयोगशाळेशी काडीचा संबंध नाही अशा माणसाच्या तोंडी बसते. या प्रवासात तिचा अर्थ कोठे वाढतो, कोठे गळतो आणि कोठे उलटतो, हे पाहणे रसायनज्ञाचे काम नव्हे. ते आमचे काम आहे. प्रस्तुत लेखात ज्या दोन विशेषणांचा विचार करावयाचा आहे, ती ‘आयनिक द्रव’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रावकांच्या संदर्भात गेल्या पाव शतकात वारंवार वापरली गेली. एक ‘हरित’, दुसरे ‘विषारी’. प्रथम हे द्रावक हरित ठरले. पुढे जीवाणूंवरील चाचण्यांनी ते विषारी ठरविले. वरवर पाहता एका विधानाचे दुसऱ्याने खंडन केले असे दिसते. आमच्या मते येथे खंडन झालेलेच नाही. दोन्ही विधाने अपुरी होती, आणि त्यांचे अपुरेपण रसायनातील नसून वाक्यरचनेतील होते.

आपल्या शाब्दबोधाच्या परंपरेत वाक्यार्थ सिद्ध होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशी तीन अंगे मानली आहेत. जे पद दुसऱ्या पदावाचून आपला अर्थ पुरा करू शकत नाही ते साकांक्ष होय. ‘देतो’ म्हटले की काय आणि कोणाला, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. क्रियापदांची आकांक्षा सहज लक्षात येते. विशेषणांची येत नाही. ‘काळा’, ‘जड’, ‘द्रवरूप’ ही विशेषणे वस्तूवर एकटी उभी राहू शकतात. ‘हरित’ व ‘विषारी’ मात्र तशी नाहीत. ती एकटी उभी केली की वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष दिसते आणि अर्थदृष्ट्या लंगडे राहते. आयनिक द्रवांचा इतिहास हा या लंगडेपणाचा उत्तम दाखला आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने पाहावयास हवा.

२

प्रथम पदार्थ आणि त्याचे नाव. आपल्या जेवणातील मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, वितळावयास ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. धन आणि ऋण आयन एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांची रचना मोडण्यास एवढी उष्णता खर्ची घालावी लागते. परंतु आयनांपैकी एक जर मोठा, वेडावाकडा आणि असममित असेल, तर ही रचना नीट बसत नाही आणि लवण फार कमी तापमानाला वितळते. पॉल वाल्डेन याने १९१४ मध्ये इथिल अमोनियम नायट्रेट हे सुमारे १२ अंशांना वितळणारे लवण वर्णिले. म्हणजे वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तर सोडाच, हिवाळ्यातल्या बहुतेक दिवशीही ते पातळच राहील. पुढे दीर्घकाळ ही एक नवलाची गोष्ट म्हणूनच राहिली. १९९२ मध्ये विल्क्स व झावोरोत्को यांनी हवेत आणि पाण्यात टिकणारी इमिडॅझोलियम-वर्गीय लवणे सिद्ध केली, आणि त्यानंतर या विषयाला वेग आला. आज १०० अंशांखाली वितळणाऱ्या लवणांना संकेताने आयनिक द्रव म्हणतात.

येथे मराठी वाचकाची पहिली अडचण उद्भवते. महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत मिठासारख्या संयुगांना ‘क्षार’ म्हणतात व आम्लाच्या विरोधी पदार्थाला ‘आम्लारी’. मराठी विश्वकोशाने ‘लवण’ आणि ‘क्षारक’ ही जोडी पत्करली. हिंदीत तर ‘क्षार’ म्हणजे आम्लाच्या विरोधी पदार्थ. आमच्या दर्यापूर तालुक्यापुरते बोलावयाचे, तर पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात ‘खार’ हा शब्द जमिनीतून आणि विहिरीतून रोज अनुभवास येतो, आणि त्याचा अर्थ ‘ज्याने पीक बसते व पाणी पिववत नाही ते’ असा केवळ परिणामावरून ठरलेला असतो. अशा स्थितीत ‘आयनिक द्रव म्हणजे कमी तापमानाला वितळणारे क्षार’ असे वाक्य तीन वाचकांना तीन अर्थ देईल. म्हणून या लेखात ‘लवण’ हाच शब्द पत्करला आहे.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. ‘द्रव’ हा शब्द अवस्था सांगतो, ‘लवण’ हा प्रकार सांगतो आणि ‘द्रावक’ हा कार्य सांगतो. तिन्ही एकाच ‘द्रु’ धातूच्या कुळातील नाहीत; पहिला आणि तिसरा आहेत. ‘द्रव’ म्हणजे वाहणारे. ‘द्रावक’ म्हणजे दुसऱ्याला वाहावयास लावणारे. ‘द्रावक’ हे प्रयोजक रूपावरून साधलेले कर्तृवाचक नाम आहे. त्यामुळे ‘द्रावक’ म्हणताच कशाचा द्रावक, हा प्रश्न मराठी मनात उभा राहतो. ‘हृदयद्रावक’ या आपल्या परिचित समासात तो सुटलेलाच असतो. ‘आयनिक द्रव’ म्हणताना मात्र कोणताच प्रश्न उभा राहत नाही. हे नाव हजारो भिन्न पदार्थांना केवळ एका अवस्थेच्या आधारे एकत्र बांधते. धनायन आणि ऋणायन यांच्या जोड्या बदलीत गेल्यास संभाव्य आयनिक द्रवांची संख्या अगणित होते, म्हणून तर त्यांना ‘हवे तसे घडविता येणारे द्रावक’ असा लौकिक मिळाला. जो वर्ग केवळ वितळणबिंदूवर उभा आहे, त्या सबंध वर्गाला एखादे नैतिक वा वैद्यकीय विशेषण जोडणे म्हणजे ‘पांढरे पदार्थ पौष्टिक असतात’ असे म्हणण्यासारखे आहे. दूधही पांढरे आणि चुनाही पांढरा.

३

तरीही ‘हरित’ हे विशेषण या वर्गाला चिकटले. ते कसे चिकटले, हे पाहण्यासारखे आहे. ॲनास्टस आणि वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनाची बारा तत्त्वे मांडली. त्यांतील एका तत्त्वाचा रोख द्रावकांवर आहे: शक्यतो द्रावक वापरूच नये, आणि वापरावा लागल्यास निरुपद्रवी वापरावा. बेंझीन, टोल्युईन, क्लोरोफॉर्म यांसारखे रूढ द्रावक उडून जातात, कामगाराच्या फुप्फुसात आणि गावाच्या हवेत मिसळतात, पुष्कळसे पेटतात. आयनिक द्रव लवणे असल्यामुळे सामान्य तापमानाला त्यांची वाफ जवळजवळ होत नाही. तेव्हा हवेच्या दृष्टीने ते बेंझीनपेक्षा बरे, हे विधान साधार होते. त्यात तुलना होती, माध्यम होते आणि कारण होते. हे विधान आखूड होत होत प्रथम ‘हवेच्या दृष्टीने हरित’ असे झाले आणि अखेरीस ‘हरित द्रावक’ एवढेच उरले. एका गुणावरून दिलेले विशेषण सर्व गुणांचे जामीन म्हणून उभे राहिले.

या आखडण्याचा एक लहानसा पुरावा शीर्षकांतही सापडतो. रॉबिन रॉजर्स आणि केनेथ सेडन यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आयनिक द्रवांवर जे टिपण लिहिले, त्याच्या शीर्षकात हे भविष्यकाळाचे द्रावक ठरतील काय, अशा अर्थाचा प्रश्न आहे. शीर्षकाच्या अखेरीस प्रश्नचिन्ह आहे. त्या टिपणाचा आधार घेऊन पुढे जे सांगितले जाते, त्यात द्रावक राहतात, भविष्यकाळ राहतो आणि प्रश्नचिन्ह तेवढे गळून पडते. मूळ लेखकांना त्यासाठी दोष देता येणार नाही. विरामचिन्हे सारांशात टिकत नाहीत, हा भाषाव्यवहाराचाच स्वभाव आहे. म्हणूनच जे सांगावयाचे ते चिन्हात न ठेवता शब्दात ठेवावे.

अवाष्पता ही कसोटीदेखील पुढे पूर्ण टिकली नाही. २००६ मध्ये अर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की काही आयनिक द्रव कमी दाबाखाली आणि उच्च तापमानाला ऊर्ध्वपातित करता येतात. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा ऋणायन असलेली काही द्रवे पाण्याच्या सान्निध्यात विघटन पावून हायड्रोजन फ्लुओराइडसारखा घातक पदार्थ देतात, हेही २००३ पर्यंत पुढे आले होते. परंतु खरा प्रश्न वाफेचा नव्हताच. जो पदार्थ हवेत जात नाही तो कोठे जातो, हा प्रश्न होता. इमिडॅझोलियम-वर्गातील पुष्कळ द्रवे पाण्यात सहज मिसळतात. हवेला वाचविणारा गुण पाण्यासंबंधी आणि मातीसंबंधी काहीच सांगत नाही. ‘हरित’ हे पद त्या ठिकाणी साकांक्ष होते, आणि आकांक्षा पुरी करावयाचे कोणाच्या ध्यानात आले नाही.

मराठीत तर या विशेषणाची स्थिती आणखी विचित्र आहे. ‘हरित क्रांती’ ही संज्ञा १९६८ मध्ये अमेरिकेत विल्यम गॉड यांच्या भाषणातून पुढे आलेल्या इंग्रजी शब्दप्रयोगाचे भाषांतर होय. आपल्याकडे ती संकरित बियाणे, रासायनिक खते आणि कीटकनाशके यांच्याबरोबर आली. म्हणजे शेतकऱ्याच्या कानावर ‘हरित’ हे पद प्रथम पडले ते रसायनांच्या वाढीचे नाव म्हणून. तीस वर्षांनी ‘हरित रसायन’ आले ते रसायनांच्या अपायातून सुटकेचे नाव म्हणून. एकच पद, दोन जवळजवळ विरुद्ध आश्वासने, आणि वाचकाला इशारा कोणताच नाही. शिवाय ‘हरितद्रव्य’ हा शब्द आपण वनस्पतींतील क्लोरोफिलसाठी राखून ठेवला आहे. ‘हरित द्रव’ असे लिहिले की विद्यार्थी पानाकडे पाहू लागतो, हा त्यातला किरकोळ गोंधळ.

४

आता जीवाणूंची साक्ष. ही साक्ष ज्या चाचण्यांतून मिळाली त्यांतील एक बरीच प्रचलित आहे. ‘ॲलिव्हिब्रिओ फिशेरी’ नावाचा एक सागरी जीवाणू आहे. पूर्वी त्याला ‘व्हिब्रिओ फिशेरी’ म्हणत. तो स्वतःच्या चयापचयातून मंद निळसर प्रकाश देतो. पाण्यात अपायकारक पदार्थ मिसळला की चयापचय मंदावते आणि प्रकाश कमी होतो. पाच, पंधरा किंवा तीस मिनिटांनी प्रकाश मोजावयाचा, आणि तो निम्म्यावर आणणारे प्रमाण नोंदवावयाचे. या प्रमाणास ‘अर्धपरिणामी प्रमाण’ म्हणता येईल. हे प्रमाण जितके लहान तितका पदार्थ त्या जीवाणूला अधिक अपायकारक.

या चाचणीत इमिडॅझोलियम-वर्गीय द्रवे उतरविली तेव्हा एक अतिशय सुसंगत गोष्ट आढळली. इमिडॅझोलियमच्या कड्याला जोडलेली कार्बनांची साखळी जसजशी लांब होत जाते तसतसा अपाय वाढतो. चार कार्बनांच्या ब्युटिल साखळीवरून आठ कार्बनांच्या ऑक्टिल साखळीवर गेल्यास अर्धपरिणामी प्रमाण शंभरपटीहून अधिक खाली येते. अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठातील डोहर्टी व कुल्पा यांनी २००५ मध्ये ‘एश्चेरिकिया कोलाय’, ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’, ‘बॅसिलस सब्टिलिस’, ‘स्यूडोमोनस फ्लुओरेसन्स’ हे जीवाणू आणि एक किण्व यांवर अशाच द्रवांचे प्रयोग प्रसिद्ध केले. हेक्झिल आणि ऑक्टिल साखळीची द्रवे या सर्वांना चांगलीच बाधली. ब्युटिल साखळीची कमी बाधली. ऋणायनाचा वाटा सामान्यतः दुय्यम आढळतो. साखळी फारच लांब झाली म्हणजे परिणाम पुन्हा वाढावयाचा थांबतो, हेही पुढे अनेकांनी नोंदविले.

याची कारणमीमांसा जीवाणूच्या कातडीत आहे. जीवाणूच्या आवरणाचा बाह्य पृष्ठभाग ऋणभारित असतो. धनायनाचे डोके तिकडे ओढले जाते. त्याची तेलकट शेपटी मात्र पटलातील मेदस्तरात शिरते. पुरेशा शेपट्या शिरल्या की पटल ढिले पडते, आतील द्रव्य बाहेर झिरपते आणि पेशी मरते. ही यंत्रणा नवी नाही. १९३५ मध्ये डोमाक यांनी पुढे आणलेल्या बेंझाल्कोनियम क्लोराइडसारख्या जंतुनाशकांची रीत हीच. रुग्णालयाची फरशी ज्या गुणाने स्वच्छ होते त्याच गुणाने ऑक्टिल साखळीचा ‘हरित’ द्रावक जीवाणू मारतो. येथे ‘द्रावक’ या शब्दातील प्रयोजकता अक्षरशः खरी ठरते. २००२ मध्ये रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्युटिल-मेथिल-इमिडॅझोलियम क्लोराइडमध्ये सेल्युलोज विरघळवून दाखविले, आणि लाकूड, कडबा, पऱ्हाटी यांपासून इंधन करण्याच्या आशा त्यावर उभ्या राहिल्या. पण जो द्रव सेल्युलोज सोडवितो तोच द्रव मागे उरला तर साखरेवर काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांना बाधतो. हा अडथळा दूर करण्यासाठी संशोधकांना अशी लवणे पेशीबाहेर फेकणारे जीवाणू मातीतून शोधावे लागले. आमच्या भागात दरवर्षी शेतातून निघणाऱ्या पऱ्हाटीचे काय करावे, हा प्रश्न असल्यामुळे ही गोष्ट आम्हांला परकी नाही.

याहून एक अडचणीची गोष्ट आहे. पदार्थ अपायकारक आहे की नाही याबरोबरच तो निसर्गात मोडतो की नाही, हेही पाहावे लागते. चाचण्यांत असे आढळले की आखूड साखळीची, म्हणजे जीवाणूंना कमी बाधणारी, द्रवे पुष्कळदा जीवाणूंकडून मोडली जात नाहीत. लांब साखळीची, अधिक बाधणारी, काही द्रवे मात्र सौम्य प्रमाणात असता मोडली जातात. ज्याला ‘कमी विषारी’ म्हणावे ते दीर्घकाळ टिकते, आणि जे मोडते ते आधी मारते. यांपैकी हरित कोणते? विशेषण एकटे उभे केल्यास या प्रश्नाला उत्तरच नाही.

५

आता ‘विषारी’ या पदाचे व्याकरण पाहू. ‘साप विषारी आहे’ या वाक्यात विषाचा धनी साप आहे आणि बळी कोण ते बोलणाऱ्याने गृहीत धरले आहे: माणूस. मराठीत ‘विषारी’ हे पद एकटे वापरले की रिकामी जागा माणूस भरतो. ‘आयनिक द्रव विषारी आहेत’ असे म्हटले की वाचक स्वतःचा विचार करतो. संशोधकाने मात्र समुद्रातील एका जीवाणूविषयी विधान केलेले असते. चतुर्थीची आकांक्षा चुकीच्या पदाने पुरी झाली.

यावर उपाय म्हणून ‘जीवाणुविषत्व’ अथवा ‘जीवाणुविषाक्तता’ असा समास करावा, असे सुचविले जाईल. परंतु समास संदिग्ध आहे. ‘सर्पविष’ हे सापाचे विष. ‘जंतुविष’ म्हणजे जंतूंनी तयार केलेले विष, आणि वैद्यकात तो शब्द त्याच अर्थी रूढ आहे. तेव्हा ‘जीवाणुविष’ हे जीवाणूंना मारणारे की जीवाणूंनी घडविलेले, हे समासावरून कळणार नाही. षष्ठी आणि चतुर्थी यांच्यामधील भेद समासात लोपतो. अशा ठिकाणी समासाचा मोह आवरून विभक्तीचे सरळ वाक्य लिहिणे हेच शास्त्रशुद्ध.

‘जीवाणुनाशक’ हा शब्द घ्यावा तर त्याचा कल भिन्न. पोलंडमधील पोझ्नान येथील पेर्नाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आयनिक द्रवांच्या ज्या गुणाचे वर्णन सूक्ष्मजीवरोधी सामर्थ्य म्हणून केले, तोच गुण दोन वर्षांनी नोटर डेम येथील शोधनिबंधात सामर्थ्य आणि अपाय अशा दोन्ही नावांनी येतो. घटना एकच, एका नावाने ती औषधशाळेत जाते, दुसऱ्या नावाने न्यायासनासमोर. यात लबाडी नाही. परिणाम कोणावर व्हावा अशी आपली इच्छा आहे, ते विशेषण सांगते. शिवाय ‘नाशक’ आणि ‘रोधक’ यांतील भेद प्रयोगात मोजला जातो: वाढ थांबविणारे किमान प्रमाण वेगळे आणि जीव घेणारे किमान प्रमाण वेगळे. ‘विषारी’ या पदात दोन्ही गडप होतात.

वऱ्हाडात तर ‘जंतू’ आणि ‘जीवाणू’ हे समानार्थी राहिलेलेही नाहीत. तूर आणि हरभरा यांच्या बियाण्याला रायझोबियम चोळणाऱ्या, कपाशीला ॲझोटोबॅक्टर देणाऱ्या शेतकऱ्याला ‘जीवाणू’ हा शब्द खताच्या पाकिटावर भेटला. ‘जंतू’ दवाखान्यात भेटला. जंतू मेला तर बरे, जीवाणू मेला तर नुकसान. म्हणून ‘जंतूंना मारते’ आणि ‘जीवाणूंना मारते’ ही वाक्ये आमच्याकडे समानार्थी नव्हेत. दीपजीवाणूवर केलेली चाचणी मिठाच्या पाण्यात होते; आमच्या काळ्या मातीत स्मेक्टाइट-वर्गातील चिकणखनिजे विपुल असून धनायन धरून ठेवणे हा त्यांचा गुणच आहे, आणि इमिडॅझोलियम हा धनायनच. तेव्हा समुद्रातील जीवाणूवरून मिळालेला आकडा जसाच्या तसा पूर्णाखोऱ्यातील रायझोबियमला लावता येणार नाही: परिणाम कमी असेल, टिकून राहणे अधिक असेल. कोणाला, हे सांगितल्यावाचून आकडादेखील निरर्थक होतो.

६

ही सर्व चर्चा केवळ शब्दांची कसरत आहे, असा आक्षेप येईल. शास्त्रज्ञांना विशेषणाची मर्यादा ठाऊक असते, विशेषण हा त्यांच्यातील संक्षेप आहे, असेही म्हटले जाईल. त्यास उत्तर देण्यासाठी दोन स्थानिक दाखले पुरेत.

पहिला दाखला ‘औषध’ या शब्दाचा. वऱ्हाडात कीटकनाशकाला बोलण्यात सर्रास ‘औषध’ म्हणतात. ‘औषध फवारले’, ‘औषध मारले’ असे प्रयोग रोजचे आहेत. येथे चतुर्थीची जागा पिकाने भरली आहे: पिकाला औषध. पण फवारणी करणारा माणूस त्याच वाक्यात उभा आहे, आणि त्याच्यासाठी तोच द्रव विष आहे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दुर्घटनेस संरक्षक साधनांचा अभाव, पिकाची वाढलेली उंची, निरनिराळ्या रसायनांचे मिश्रण अशी पुष्कळ कारणे होती. एका शब्दाने माणसे मेली असे म्हणणे उथळपणाचे होईल. परंतु हातातील पंपात विष आहे हे जो शब्द रोज झाकतो, तो त्या कारणांच्या पंक्तीत अगदीच निर्दोष बसतो, असेही म्हणता येत नाही.

दुसरा दाखला त्याच डब्यावरील रंगाचा. १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. पोटात गेल्यास प्राणघातक ठरणाऱ्या प्रमाणावरून ही प्रतवारी केली आहे: प्रयोगातील निम्मे प्राणी मारणारी मात्रा देहभाराच्या दर किलोग्रॅममागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर तांबडा, ५,००० मिलिग्रॅमहून अधिक असेल तर हिरवा. येथे हिरवा रंग निर्दोषत्वाचा नव्हे. विषाच्या चार पायऱ्यांतील तो सर्वांत खालची पायरी आहे. आणि कोणाला, कोणत्या मार्गाने, किती, हे तिन्ही प्रश्न त्या रंगामागे सोडविलेले आहेत. मधमाशी, मासा आणि मातीतील जीवाणू यांविषयी तो रंग मौन पाळतो, ही त्याची मर्यादा. पण ती मर्यादा नियमातच नमूद असल्यामुळे ती दूर करता येते.

अडत्यांच्या दुकानातील हा हिरवा त्रिकोण आणि शोधनिबंधातील ‘हरित द्रावक’ यांची तुलना करून पाहावी. शेतकऱ्यापुढे ठेवलेल्या रंगाला कायद्याने आकडा, प्राणी आणि मार्ग जोडला. पदवीधरांपुढे ठेवलेल्या विशेषणाला कोणीच काही जोडले नाही. हे दोन व्यवहार आता एकमेकांपासून दूरही राहिलेले नाहीत. २०११ मध्ये पेर्नाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तणनाशक ऋणायनांपासून आयनिक द्रव तयार केले. तणनाशक उडून शेजारच्या शेतात जाऊ नये, हा त्यामागील एक हेतू. २०१८ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी इंग्लंडमधील एका कचराभरावाजवळच्या मातीत ऑक्टिल-मेथिल-इमिडॅझोलियम आढळल्याचे आणि ते यकृतपेशींना अपायकारक ठरत असल्याचे प्रसिद्ध केले. जो पदार्थ हवेत जात नव्हता तो मातीत पोहोचला होता.

आपल्याकडे परिभाषेची चर्चा बहुधा एकाच अंगाने चालते: शब्द संस्कृत हवा की इंग्रजी. नागपूर येथे डॉ. रघुवीर यांनी घडविलेल्या ‘उद्जन’, ‘जारक’, ‘भूयाति’ या शब्दांवर किती वाद झाले! अखेर हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन टिकले. परंतु ‘उद्जन’ म्हटल्याने हायड्रोजनविषयी कोणाचा गैरसमज झाला नाही. शब्दाचे कूळ कोणते, यापेक्षा शब्द कोणती जागा रिकामी ठेवतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्या प्रश्नाकडे आपल्या परिभाषा-चर्चेने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

७

या विवेचनातून जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे. ‘हरित’ आणि ‘विषारी’ ही दोन्ही साकांक्ष पदे आहेत. सबंध वर्गाला लावण्यास ती अपात्र आहेत. पहिल्यास माध्यम आणि तुलना यांची अपेक्षा असते: कशाच्या दृष्टीने, कशापेक्षा. दुसऱ्यास जीव, प्रमाण आणि कालावधी यांची अपेक्षा असते: कोणाला, किती, केवढ्या वेळात. या अपेक्षा पुऱ्या केल्या की ‘हरित’ आणि ‘विषारी’ यांतील दिखाऊ विरोध नाहीसा होतो. एकाच पदार्थाविषयी दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि कोलिन-वर्गीय लवणांसारखी, जीवाणूंना सामान्यतः कमी बाधणारी द्रवे निवडण्याची जी दिशा अलीकडच्या संशोधनाने घेतली आहे, तिचे महत्त्वही त्यामुळेच नीट सांगता येते.

मराठीत प्रबंधाचा सारांश लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ‘हा हरित द्रावक आहे’ असे लिहिण्याऐवजी काय लिहावे, याचा नमुना देऊन हे टिपण संपवितो. ‘१-ऑक्टिल-३-मेथिल-इमिडॅझोलियम ब्रोमाइड या लवणाची वाफ सामान्य तापमानाला नगण्य असल्यामुळे हवेच्या दृष्टीने ते टोल्युईनपेक्षा कमी अपायकारक आहे, तथापि ॲलिव्हिब्रिओ फिशेरी या सागरी जीवाणूला पंधरा मिनिटांच्या संपर्कात ते अमुक प्रमाणापासून बाधते, जमिनीतील जीवाणूंवर त्याची चाचणी केलेली नाही.’ ‘अमुक’च्या जागी आपल्या प्रयोगातला आकडा घालावा. वाक्य लांब झाले हे खरे. परंतु त्यातील शेवटचा उपवाक्यांश सर्वांत मोलाचा आहे. ‘हरित’ या एका शब्दाने तोच झाकला गेला असता. रसायनशास्त्राच्या आणि मराठीच्या विभागांनी असे सारांश छपाईस जाण्यापूर्वी एकत्र बसून वाचावेत, आणि प्रत्येक विशेषणापाशी ‘कोणाला?’ एवढा एकच प्रश्न विचारावा, असे सुचवावेसे वाटते.